जुनं पात्र परत येतं तेव्हा : साय-फाय कॅमिओबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रविवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण बसतो आणि बोलणं फिरून फिरून स्टार ट्रेक, डॉक्टर हू, स्टार वॉर्स अशा साय-फाय म्हणजे विज्ञानकथेच्या सिरीज-पिक्चरवर येतं. नवीन कोणी येऊन बसलं की तेच तेच प्रश्न येतात, मग एकदा नीट लिहूनच ठेवूया म्हटलं. खाली सगळं उघड सांगितलंय, कोण परत येतं, कोण मरतं, सगळं, तेव्हा ज्यांना आधी बघायचंय त्यांनी आधी बघून घ्या.

कॅमिओ म्हणजे आपला पाहुणा कलाकारच ना?

अर्धं बरोबर. पाहुणा कलाकार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टायटल्समध्ये सगळ्यात शेवटी येणारं मोठं नाव येतं, म्हणजे तिथे महत्त्व त्या नटाला असतं. इथे आपण ज्याबद्दल बोलतोय तिथे महत्त्व पात्राला. नट जगाला माहीत नसला तरी चालतो, पण ते पात्र वीस, तीस, पन्नास वर्षांपूर्वी गोष्टीतून बाहेर गेलेलं असतं आणि आज दोन मिनिटांसाठी दारात उभं राहतं. त्या दोन मिनिटांत जो आवंढा येतो ना गळ्यात, तो नटाच्या प्रसिद्धीने येत नाही.

थिएटरात लोक एवढे ओरडतात कशाला? एक माणूस तर आलाय.

शिवाजी मंदिरला किंवा माटुंग्याच्या यशवंतला नाटक बघितलंय का? जुना नट विंगेतून येतो, अजून एक शब्द बोललेला नसतो, आणि टाळी पडते. तो ती टाळी संपेपर्यंत थांबतो, नजर खाली ठेवतो, मग पहिलं वाक्य घेतो. एन्ट्रीची टाळी. ती त्या रात्रीच्या कामासाठी नसतेच, आधीच्या सगळ्या वर्षांसाठी असते. सिनेमातल्या कॅमिओलाही नीट बघा, पात्र आल्यावर चांगला दिग्दर्शक दोन-तीन सेकंद कोणालाच बोलू देत नाही, ती जागा टाळीसाठीच ठेवलेली असते.

हे साय-फायमध्येच एवढं का होतं?

एक तर ह्या गोष्टी संपतच नाहीत. डॉक्टर हू बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, स्टार ट्रेक सप्टेंबर १९६६ ला, पहिला स्टार वॉर्स १९७७ चा. एवढ्या वर्षांत नट म्हातारे होतात, लेखक बदलतात, लहानपणी बघणारी पोरं मोठी होऊन स्वतःच ती सिरीज लिहायला बसतात, आणि त्यांना आपला जुना हिरो एकदा तरी परत हवा असतो.

दुसरं म्हणजे साय-फायमध्ये परत यायला दारं भरपूर. टाइम ट्रॅव्हल आहे, क्लोन आहे, होलोग्राम आहे, दुसरं विश्व आहे, डॉक्टर हूचा हिरो, ज्याला नुसतं डॉक्टर म्हणतात, तो तर मरायला टेकला की नवीन शरीर घेतो म्हणजे एकाच माणसाचे दहा-पंधरा नट एकाच खोलीत उभे करता येतात. कौटुंबिक सिरियलमध्ये वारलेले आजोबा परत आणायचे तर लेखकाला घाम फुटेल. पण दार उघडं आहे म्हणून कोणीही आत यावं असं नाही, त्याबद्दल पुढे बोलतो.

हे सुरू कधी झालं? पहिला कॅमिओ कुठला?

अगदी पहिला कुठला ह्यात मी पडणार नाही, पण दोन प्रसंग माहीत असायला हवेत. डॉक्टर हूच्या दहाव्या वर्षी, १९७२ च्या शेवटी, तीन डॉक्टर एका गोष्टीत आणले. विल्यम हार्टनेल म्हणजे पहिला डॉक्टर तेव्हा इतका आजारी होता की त्याला बसवूनच शूट केलं आणि तो बाकीच्या दोघांशी एका स्क्रीनमधूनच बोलतो.

दुसरा १९८७ चा. स्टार ट्रेकची नवीन सिरीज सुरू होत होती, अंतराळ जहाज नवीन, कॅप्टन नवीन, जुन्या प्रेक्षकांचा राग होता की कर्क-स्पॉकशिवाय, म्हणजे जुन्या जहाजाच्या जोडीशिवाय, कसलं स्टार ट्रेक. पहिल्याच एपिसोडमध्ये एक खूप म्हातारा ॲडमिरल कॉरिडॉरमधून हळूहळू चालत येतो, वय १३७, सोबत डेटा नावाचा अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा रोबोट. तो म्हातारा म्हणजे जुन्या सिरीजमधल्या जहाजावरचा डॉक्टर मॅकॉय आहे, नट डिफॉरेस्ट केली, पण पूर्ण सीनमध्ये त्याचं नाव कोणी घेत नाही. तो त्या अँड्रॉइडला सांगतो की जहाजाचं नाव बरोबर आहे (जुन्याचंच, एंटरप्राइज), तिला नीट वागव. झालं. घरातल्या थोरल्या माणसाने नव्या सुनेला किल्ल्या द्याव्यात तसा सीन आहे तो, आणि नाव न घेण्यात किती विश्वास आहे बघा, ज्याला कळायचं त्याला कळेल, ज्याला नाही कळणार त्याला एक खडूस, प्रेमळ म्हातारा दिसेल आणि तेवढं पुरेसं आहे.

मी आधीचं काहीच बघितलेलं नाही. मला कळेल का?

चांगला कॅमिओ असेल तर कळेल, वरचं मॅकॉयचं उदाहरण त्यासाठीच दिलं. तुम्हाला समोर एक माणूस दिसला पाहिजे, त्याला काहीतरी हवंय, काहीतरी दुखतंय, हे दिसलं पाहिजे. जर फक्त बाजूचा माणूस शिट्टी मारतोय म्हणून तुम्हाला समजत असेल की कोणीतरी मोठं आलंय, तर तो लिहिणाऱ्याचा दोष आहे, तुमचा अजिबात नाही, मान खाली घालू नका.

तुमच्या मते सगळ्यात चांगला कॅमिओ कुठला?

माझ्यासाठी स्कॉटी. स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशनचा, म्हणजे वरच्या त्याच नव्या सिरीजचा, १९९२ चा एपिसोड, नाव रेलिक्स. जुन्या एंटरप्राइजचा चीफ इंजिनिअर स्कॉटी एका अपघातात सापडतो, जीव वाचवायला स्वतःला ट्रान्सपोर्टरच्या, म्हणजे माणसाला क्षणात दुसरीकडे पाठवणाऱ्या मशीनच्या, मेमरीत अडकवून ठेवतो आणि ७५ वर्षांनी नवीन एंटरप्राइजवाले त्याला बाहेर काढतात. जिवंत आहे, ठणठणीत आहे, पण त्याला येतं ते सगळं आता जुनं झालंय. तो इंजिनरूममध्ये जातो, मदत करायला बघतो, आणि तिथला तरुण इंजिनिअर जॉर्डी वैतागतो कारण त्याला खरंच काम आहे आणि हे आजोबा मध्येमध्ये करतायत. कोणी वाईट वागत नाही, हे महत्त्वाचं. नुसती जागा उरलेली नाही.

मग स्कॉटी होलोडेकवर, म्हणजे मागाल ते दृश्य उभं करणाऱ्या खोलीत, जातो आणि आपलं जुनं जहाज मागतो, दार उघडतं, समोर साठच्या दशकातला तो ब्रिज, जहाज चालवायची खोली, तेच रंग, तेच आवाज आणि एकही माणूस नाही. जेम्स डूहान तेव्हा ७२ वर्षांचा होता. तो ग्लास घेऊन त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघतो. पुढे नव्या जहाजाचा कॅप्टन पिकार्ड येतो, दोघं बसून पितात आणि बोलतात.

माझे बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, पूर्ण नोकरी तिथेच. रिटायर झाल्यावर काही कागदाच्या निमित्ताने एकदा गेले आणि परत आले ते गप्प, त्यांच्या बेंचवर नवीन मुलगा होता, त्याने चहा पण पाजला, तरी गप्प. इंग्लिश सिरीज त्यांना फार कळायच्या नाहीत. हा एपिसोड केबलवर लागला तेव्हा मी मधलं मधलं मराठीत सांगत होतो, रिकाम्या ब्रिजचा सीन आला आणि त्यांनी मला हाताने गप्प केलं. पुढच्या आठवड्यात विचारत होते, तो म्हातारा इंजिनिअर परत दाखवतात का रे. त्यांनी स्कॉटीला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं.

शेवटी स्कॉटी आणि जॉर्डी जुन्या मोडक्या जहाजाचा वापर करूनच एंटरप्राइजला बाहेर काढतात, म्हणजे म्हाताऱ्याला नुसती सहानुभूती नाही मिळत, काम मिळतं. म्हणून हा माझा नंबर एक.

आणि दुसरा नंबर?

सारा जेन स्मिथ. एलिझाबेथ स्लेडन १९७३ ते १९७६ डॉक्टर हूमध्ये डॉक्टरची साथीदार होती, डॉक्टर तिला पृथ्वीवर सोडून निघून गेला. २००६ मध्ये स्कूल रियुनियन नावाच्या एपिसोडमध्ये ती परत भेटते आणि तिचा प्रश्न सरळ आहे, तू परत का नाही आलास, मी वाट बघत होते, मला वाटलं तू मेलास. जो प्रश्न प्रेक्षकांनी कधी विचारला नव्हता तो पात्राने विचारला. डॉक्टर तसाच तरुण, ती पन्नाशीपुढची, आणि मागची तीस वर्षं तिच्या चेहऱ्यावर आहेत. तो एपिसोड एवढा आवडला की तिला स्वतःची सिरीज मिळाली, २००७ ते २०११. एप्रिल २०११ मध्ये स्लेडन गेली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत निकोलस कोर्टनी गेला होता, डॉक्टरच्या जुन्या फौजी मित्राचं, ब्रिगेडिअरचं काम करणारा. त्याला कॅमिओ देता आला नाही, मग त्या वर्षीच्या सीझनच्या शेवटी डॉक्टर त्याला फोन लावतो आणि पलीकडून नर्स सांगते की ते काही महिन्यांपूर्वी गेले. न आलेल्या माणसाचा कॅमिओ. मी तो सीन दोनदाच बघितलाय.

सगळ्यात मोठ्या गॅपनंतर कोण आलं?

विल्यम रसेल. डॉक्टरच्या अगदी पहिल्या साथीदारांपैकी एक, इयान चेस्टरटन, शाळेतले सर. जून १९६५ मध्ये गेला आणि २३ ऑक्टोबर २०२२ च्या एपिसोडमध्ये परत आला, ५७ वर्षं १२० दिवस, गिनीजमध्ये नोंद आहे. तेव्हा तो ९७ वर्षांचा होता. डॉक्टरचे जुने साथीदार एका खोलीत गोल खुर्च्या मांडून बसलेत आणि एकमेकांना आपापलं सांगतायत असा सीन आहे, त्यात तो बसलेला. बोलण्यात डॉक्टरचा उल्लेख बाई म्हणून येतो आणि त्याला आश्चर्य वाटतं, कारण त्याच्या आठवणीतला डॉक्टर एक पांढऱ्या केसांचा पुरुष आहे. जेमतेम एक वाक्य, पण ५७ वर्षांत जग किती बदललं ते त्यात येतं. २०२४ मध्ये ९९ व्या वर्षी तो गेला.

नट नाही म्हणाला तर काय करतात?

तीन-चार वाटा आहेत आणि डॉक्टर हूने सगळ्या वापरल्यात. १९८३ मध्ये विसाव्या वर्षासाठी पाच डॉक्टर आणायचे होते. हार्टनेल १९७५ मध्येच गेला होता, म्हणून रिचर्ड हर्नडॉल नावाच्या दुसऱ्या नटाला पहिल्या डॉक्टरचं काम दिलं, पण एपिसोडची सुरुवात खऱ्या हार्टनेलच्या जुन्या क्लिपने केली, मला हे फार सभ्य वाटतं, आधी मूळ माणसाला नमस्कार आणि मग पुढे. टॉम बेकर नाही म्हणाला, तर १९७९ मध्ये संपामुळे अर्धवट राहिलेल्या एका गोष्टीतलं त्याचं फुटेज वापरलं.

२०१३ मध्ये पन्नासाव्या वर्षी क्रिस्टोफर एकल्स्टन नाही म्हणाला. तेव्हा लेखकाने नवीनच डॉक्टर तयार केला, मधला लपवलेला, आणि जॉन हर्टने तो असा केला की आता तो नसता तर असं वाटतच नाही. आणि गंमत बघा, त्याच एपिसोडच्या शेवटी कोण आलं, टॉम बेकर, वय ७९, १९८१ मध्ये सोडून गेलेला, ज्याने विसाव्याला नकार दिला होता तो. म्युझियमचा क्युरेटर म्हणून काठी टेकत येतो. तो तोच डॉक्टर आहे का हे स्पष्ट सांगत नाहीत, ते स्पष्ट नाही म्हणूनच सुंदर आहे.

वारलेल्या नटाला कॉम्प्युटरवर परत आणणं बरोबर आहे का?

ह्यावर कट्ट्यावर सगळ्यात जास्त आवाज चढतात, म्हणून माझं मत स्पष्ट लिहितो, मला ते पटत नाही.

आधी काय झालंय ते. डिसेंबर २०१६ च्या रोग वन ह्या स्टार वॉर्सच्या पिक्चरमध्ये जुना खलनायक टार्किन परत आला, नट पीटर कुशिंग, जो १९९४ मध्येच गेला होता. सेटवर गाय हेन्रीने काम केलं आणि त्याच्यावर कुशिंगचा चेहरा बसवला, घरच्यांची परवानगी घेऊन. २०२४ च्या एलियन रोम्युलसमध्ये पहिल्या एलियनमध्ये अँड्रॉइड झालेल्या इयन होमच्या चेहऱ्याचा अँड्रॉइड आहे, होम २०२० मध्ये गेला, तिथेही कुटुंबाला विचारलं होतं. २०२३ च्या फ्लॅशमध्ये क्रिस्टोफर रीव्हचा डिजिटल सुपरमॅन काही सेकंद दिसतो, रीव्ह २००४ मध्ये गेला.

पहिल्या दोन ठिकाणी परवानगी होती, मान्य. तंत्र पण वर्षागणिक सुधारतंय, तेही मान्य. पण नट म्हणजे नुसता चेहरा नसतो, वाक्य कुठे तोडायचं, कुठे बघायचं नाही, हे त्याचे निर्णय असतात, आणि गेलेला माणूस निर्णय घेऊ शकत नाही, तो सीन वाईट आहे म्हणून नकार देऊ शकत नाही. टॉम बेकरला नाही म्हणता आलं आणि तीस वर्षांनी हो म्हणता आलं, म्हणूनच तो 'हो' मोलाचा आहे ना.

कॅरी फिशरच्या वेळी वेगळं केलं. ती २७ डिसेंबर २०१६ ला गेली आणि २०१९ च्या स्टार वॉर्स पिक्चरमध्ये लेया ह्या तिच्या पात्रासाठी मुख्यतः तिने आधी खरोखर शूट केलेलं, न वापरलेलं फुटेज घेतलं. सीन थोडे जुळवल्यासारखे वाटतात, पण तिथे ती स्वतः आहे.

हा फक्त फॅन लोकांचा वाद नाहीये. २०२३ मध्ये अमेरिकेत नटांच्या युनियनचा ११८ दिवस संप झाला त्यात डिजिटल प्रतिकृती हा मोठा मुद्दा होता, आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने वारलेल्या कलाकारांच्या डिजिटल प्रतिकृतीवर कायदा केला. आपल्याकडे २०२३ मध्ये अनिल कपूरला दिल्ली हायकोर्टातून त्याचं नाव, चेहरा, आवाज ह्याला संरक्षण मिळालं, आणि २०२४ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने अरिजीत सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना अडवलं.

जिवंत नटाला तरुण करून दाखवतात ते तरी चालेल का?

डिसेंबर २०२० मध्ये मँडलोरिअन ह्या स्टार वॉर्सच्या सिरीजच्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी पहिल्या स्टार वॉर्सचा हिरो ल्यूक आला, मार्क हॅमिलचा तरुण केलेला चेहरा. काळा झगा, हिरवी लाइटसेबर म्हणजे प्रकाशाची तलवार, एका हाताला ग्लोव्ह, मी रात्री घरी एकटा होतो आणि उभा राहिलो. मग त्याने टोपी मागे केली, चेहरा दिसला आणि बोलायला लागला, तेव्हा परत खाली बसलो. एन्ट्री हॅमिलच्या आठवणीची होती, पण चेहऱ्यावर मधली वर्षं नव्हती. ह्याउलट २००९ च्या स्टार ट्रेकमध्ये मूळ स्पॉक, लिओनार्ड निमॉय येतो, सुरकुत्यांसकट, आणि तरुण स्पॉकसमोर उभा राहतो. त्याच्या चेहऱ्याला कुठलीही इस्त्री केलेली नाही. निमॉय २०१५ मध्ये गेला, २०१६ च्या पुढच्या पिक्चरमध्ये तरुण स्पॉक त्याच्या सामानात जुन्या क्रूचा ग्रुप फोटो बघतो, थिएटरात पिनड्रॉप शांतता होती.

म्हातारे झालेले हिरो बघवत नाहीत. वाईट नाही वाटत?

वाटतं. वाटू द्या.

हे सगळं पैशासाठीच करतात ना?

पैसा असतोच. स्पॉक नोव्हेंबर १९९१ मध्ये टीव्हीवर युनिफिकेशनच्या दोन एपिसोडमध्ये आला, कारण डिसेंबरमध्ये जुन्या क्रूचा सहावा पिक्चर लागणार होता, सरळ सरळ जाहिरात. पण त्या गोष्टीत स्पॉकचे वडील मरतात, बापलेकांचं आयुष्यभर पटलेलं नसतं, आणि शेवटी स्पॉक पिकार्डच्या मनाशी मन जोडतो तेव्हा तिथे राहिलेल्या वडिलांच्या भावना त्याला कळतात. निमित्त जाहिरातीचं असलं तरी लेखकाने मनापासून लिहिलं तर फरक पडत नाही. चीड येते ती २०१८ च्या ज्युरासिक वर्ल्डसारख्या ठिकाणी, पहिल्या ज्युरासिक पार्कमधला जेफ गोल्डब्लमसारखा नट आणला आणि खुर्चीत बसवून सुरुवातीला आणि शेवटी भाषण करायला लावलं, ट्रेलरमध्ये दिसला तेवढाच पिक्चरमध्ये. डायनासोर आणि तो एका फ्रेममध्ये पण नाहीत!

आपल्याकडे असं काही झालंय का?

रोबोटमधला चिट्टी. मूळ पिक्चर २०१० चा, आणि २०११ मध्ये शाहरुखच्या रा.वनमध्ये रजनीकांत चिट्टी म्हणूनच येऊन गेला, वेगळी कंपनी, वेगळी गोष्ट, मिनिटभराचं काम, आणि थिएटर डोक्यावर. खरं परत येणं मात्र २०१८ च्या टू पॉइंट ओमध्ये, कारण पहिल्या भागाच्या शेवटी चिट्टी स्वतःच स्वतःचे भाग सुटे करतो आणि इथे त्याला परत जोडतात. क्रिशमध्ये रोहितही परत येतो पण तो पूर्ण रोल आहे, कॅमिओ नाही. मराठीत साय-फायच्या लांब मालिका नाहीत, त्यामुळे आपल्याला अजून ही मजा मराठीत मिळालेली नाही, आणि सिरियलच्या महासंगमाला मी ह्यात धरत नाही कारण तिथे कोणी कुठे गेलेलंच नसतं.

स्पॉयलर किती दिवस सांगायचे नाहीत?

आमचा नियम दोन रविवार. डिसेंबर २०२१ मध्ये स्पायडरमॅन नो वे होम भारतात १६ तारखेला लागला, अमेरिकेच्या एक दिवस आधी, महाराष्ट्रात तेव्हा अर्ध्याच सीट विकायची परवानगी होती. आधीचा स्पायडरमॅन अँड्र्यू गारफिल्ड मुलाखतींमध्ये महिनोन्महिने सांगत होता की मी नाहीये त्यात. सकाळचा शो बघून दादरला उतरलो, दोन मित्र भेटले, त्यांचा शो रात्रीचा, आणि मी फक्त हवापाण्यावर बोललो. अर्ध्या थिएटरमध्येही तेव्हा जो आवाज झाला तो त्यांना न कळता मिळायला हवा होता.

एन्ड क्रेडिट्स संपेपर्यंत बसायचं का?

बसा. सफाईवाले दादा-ताई आत आले की पाय बाजूला घ्या आणि बसा, त्यांना माहीत असतं पुढे सीन आहे की नाही, सरळ विचारा, ते सांगतात.

मला सुरुवात करायचीय, थोडक्यात काय बघू?

स्कॉटीपासून करा, तीन एपिसोड, अडीच तासांच्या आत होतात. आधी जुन्या स्टार ट्रेकचा १९६७ चा ट्रबल विथ ट्रिबल्स, त्यात कॅप्टनला शिव्या दिल्या तेव्हा स्कॉटी शांत बसतो आणि जहाजाला कचरा म्हटलं की हाणामारी करतो, म्हणजे माणूस काय आहे ते कळतं. मग रेलिक्स. मग डीप स्पेस नाइन ह्या स्टार ट्रेकच्याच दुसऱ्या सिरीजचा १९९६ चा ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स, तिसाव्या वर्षानिमित्त केलेला, ज्यात नवीन नट त्या १९६७ च्या फुटेजमध्ये बेमालूम घुसवलेत आणि मूळ एपिसोडमधला गुप्तहेर, चार्ली ब्रिल, त्याच भूमिकेत २९ वर्षांनी खरोखर म्हातारा होऊन परत आलाय. कुठल्या ॲपवर आहेत ते दर काही महिन्यांनी बदलतं, नाही सापडले तर रविवारी साडेसहानंतर कट्ट्यावर या, मी पेन ड्राइव्ह नाही देणार पण कुठे लागतायत ते सांगेन.